शांतिसेना निघाली तेव्हा बायांना कोणी विचारलं?

(अकोल्याच्या जुने शहर भागातील महिला मंडळं आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण)



आजच्या विषयाची चिठ्ठी गटागटांत फिरली तेव्हा दोघीतिघींनी मला रस्त्यात गाठून विचारलं, "ताई, नळाले पाणी कधी येईन त्याचा पत्ता नाही, अन् तुमी श्रीलंका कायले आणून राह्यल्या?" प्रश्न रास्त आहे. श्रीलंका वऱ्हाडापासून लांब आहे. पण 'शेजारच्या देशात आपली फौज घुसवा' ही मागणी लांब नाही, ती आपल्या गल्लीत येऊन गेली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशात शेख हसीना यांची सत्ता गेली, तिथल्या हिंदू वस्त्यांवर हल्ले झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, अगदी भजनाला जमलेल्या बायांतही हे बोललं गेलं. त्याच महिन्यात नाशिकला याच विषयावरच्या बंदच्या वेळी दगडफेक झाली. डिसेंबरात ममता बॅनर्जी पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री या नात्याने विधानसभेत म्हणाल्या, की केंद्राने संयुक्त राष्ट्रांकडे बांगलादेशासाठी शांतिसेना मागावी.

शांतिसेना हा शब्द आला आणि मला वाटलं, आता या विषयावर आपण बोललंच पाहिजे. कारण या नावाची एक सेना आपण स्वतःच शेजारी पाठवली होती. १९८७ ते १९९०. ती परत आली तेव्हा मी पाळण्यात होते. इथल्या निम्म्या जणींचं तेव्हा लग्नही झालं नसेल. आमच्या शाळेच्या पुस्तकात तिच्यावर फार तर दोन ओळी होत्या. जिंकलेल्या लढाईवर धडे असतात, फसलेल्या लढाईवर नसतात.

थोडक्यात सांगते. श्रीलंकेत सिंहली बहुसंख्य, तमिळ अल्पसंख्य. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची घरं-दुकानं जाळली गेली, माणसं मारली गेली. निर्वासितांच्या होड्या तमिळनाडूच्या किनाऱ्याला लागल्या. यानंतर आपल्या सरकारने एका हाताने वाटाघाटी चालवल्या आणि दुसऱ्या हाताने तमिळ तरुणांच्या गटांना आपल्याच भूमीवर हत्यारं चालवायला शिकवलं. त्यात एलटीटीई, म्हणजे तमिळ वाघ म्हणवणारे, हेही होते. जून १९८७ मध्ये वेढा पडलेल्या जाफन्यावर आपल्या विमानांनी सुमारे पंचवीस टन धान्य आणि औषधं टाकली. २९ जुलैला राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि दुसऱ्याच दिवशी आपले जवान जाफन्याजवळ उतरले. काम काय? गटांची शस्त्रं जमा करून घ्यायची, तमिळांना प्रांताचा कारभार मिळतो का ते पाहायचं आणि परत यायचं. तिथल्या लोकांनी आपल्या जवानांच्या गळ्यात हार घातले. अडीच महिने झाले नाहीत तोच, ऑक्टोबरात, हीच फौज त्याच एलटीटीईशी लढत होती. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला निघाली. बत्तीस महिन्यांत आपले अकराशेहून जास्त जवान गेले. तमिळ नागरिक किती गेले त्यावर कोणाचं एकमत नाही, पण ते हजारांत मोजावे लागतात.

ही पोरं कोणाची होती? मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी तिथे होत्या, महार रेजिमेंटच्या होत्या. महार रेजिमेंट म्हटलं की अकोल्यात काही सांगावं लागत नाही. १९४१ साली बेळगावला ती उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. ज्यांना इंग्रजांनी मधल्या काळात फौजेचं दार बंद केलं होतं, त्यांच्यासाठी ते दार पुन्हा उघडलं. श्रीलंकेतल्या मोहिमेचं एकमेव परमवीरचक्र याच रेजिमेंटच्या आठव्या पलटणीतल्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर मिळालं. २५ नोव्हेंबर १९८७. रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला, छातीत गोळी लागली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावली. जन्म मुंबईचा, घर दाक्षिणात्य, पलटण महारांच्या नावाची. शौर्य खरं होतं. त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही आणि इथे कोणी तसा अर्थ काढू नये. माझा प्रश्न त्या माणसाला नाहीच, तो ज्यांनी त्यांना पाठवलं त्यांना आहे.

त्या वेळी देशात वाद झाला नाही असं नाही. भरपूर झाला. करार चांगला की वाईट? प्रभाकरनने आपल्याला फसवलं की आपण त्याला? त्रिंकोमालीच्या बंदरात अमेरिकेचा पाय पडू द्यायचा का? राजीव गांधींची प्रतिष्ठा वाढली की गेली? जॉर्ज फर्नांडिसांसारखे विरोधक टीका करत होते. तमिळनाडूत काही जण शांतिसेनेच्या इंग्रजी नावाची अक्षरं फोडून तिला 'निष्पापांना मारणारी फौज' म्हणत. शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत, त्यावर पुन्हा गदारोळ. एकाच जवानाला एका पेपरात हुतात्मा म्हणायचं, दुसऱ्यात खुनी. तो ज्या घरातून गेला तिथली बाई आणि तो ज्या घरात दार ढकलून शिरला तिथली बाई, या दोघींचं म्हणणं मात्र त्या सगळ्या गदारोळात सापडत नाही. आपल्या चळवळीतल्या आधीच्या पिढीला मी यात दोष देत नाही. करार झाला त्यानंतर सव्वा महिन्याने, ४ सप्टेंबर १९८७ ला, राजस्थानात देवराळ्याला रूपकंवरचं सतीप्रकरण घडलं. आपल्या बाया तिकडे धावल्या. एका वेळी किती ठिकाणी धावणार?

पण तिकडच्या बाया गप्प नव्हत्या. त्यांनी बोलून, लिहून ठेवलं आहे. आज मुख्यतः तेच सांगायला मी उभी आहे.

रजनी तिरणगामा हे नाव लक्षात ठेवा. जाफना विद्यापीठात शरीरशास्त्राची विभागप्रमुख, डॉक्टर. तमिळ ख्रिस्ती घरातली, नवरा सिंहली, दोन मुली. सुरुवातीला एलटीटीईबद्दल तिला आस्था होती, त्यांच्या जखमींवर तिने उपचार केले होते. इंग्लंडात शिकून, तिथे राहायची सोय असताना, ती जाफन्याला परतली. लढाई सुरू झाल्यावर ती आणि तिचे तीन सहकारी गावोगाव फिरून काय घडलं ते टिपत गेले. त्यातून 'द ब्रोकन पामायरा', म्हणजे मोडलेला ताड, हे पुस्तक झालं. ताड हे जाफन्याचं झाड, आपल्याकडे पळस तसा.

त्या पुस्तकात तिने बायांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं. आपल्या जवानांनी केलेल्या बलात्कारांच्या हकिगती त्यात आहेत. तरुण मुलींच्या आहेत, वयस्कर बायांच्याही आहेत. तिने नुसता अत्याचार नोंदवला नाही, नंतर काय झालं तेही नोंदवलं. मुलगी बोलत नाही, आई बोलू देत नाही, शेजारी कुजबुजतात, लग्न मोडतं. हे सगळं आपल्या ओळखीचं आहे ना? गावातल्या पाटलाच्या पोराने केलं काय आणि दुसऱ्या देशातल्या जवानाने केलं काय, बाईच्या वाट्याला येणारी कुजबुज एकच असते. आणि रजनी तिथेच थांबली नाही. एलटीटीईने आपल्याच माणसांचे कसे खून पाडले, मुलींच्या हातात बंदूक देणं म्हणजे मुक्ती कशी नव्हे, तेही तिने त्याच लेखणीने लिहिलं. आयांचं वर्णनही तिने केलं आहे. पोराला सोडवायला त्या छावणीच्या दारात उभ्या राहायच्या, भारतीय सैन्याशी हुज्जत घालायच्या आणि गरज पडली तर वाघांशीसुद्धा.

२१ सप्टेंबर १९८९ ला विद्यापीठातून सायकलवर घरी जाताना तिला गोळ्या घातल्या. ती तेव्हा पस्तीस वर्षांची होती, म्हणजे आज माझं जे वय आहे त्याच्या आसपास. संशय एलटीटीईवर होता, त्यांनी तो नाकारला. कोणालाही शिक्षा झाली नाही.

जाफन्याच्या सरकारी दवाखान्याचं तर ऐकवत नाही. २१ ऑक्टोबर १९८७. दिवाळीचा दिवस होता. आपली फौज शहरात शिरली आणि दवाखान्यात गोळीबार झाला. रोगी, डॉक्टर, नर्सेस असे साठ-सत्तर जण गेले. आपल्या बाजूने सांगितलं गेलं की आत एलटीटीईचे लोक होते, चकमकीत माणसं सापडली. तिथले साक्षीदार सांगतात की दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांचे डॉक्टर तीन नर्सेसना घेऊन, हात वर करून, आम्ही डॉक्टर आहोत असं ओरडत बाहेर आले आणि त्यांना गोळी लागली. आपल्यापैकी कितीतरी जणी सर्वोपचार रुग्णालयात आया, नर्स, आशा म्हणून राबतात. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात हे घडणं म्हणजे काय ते तुम्हाला माझ्याहून जास्त कळेल.

आणखी एक बाई. अन्नै पूपती. अन्नै म्हणजे माय. पूर्व किनाऱ्यावरच्या बट्टिकलोआची, दहा लेकरांची आई, वय छप्पनच्या पुढेमागे. दोन पोरं श्रीलंकेच्या सैन्याने मारलेली. तिथल्या मातांच्या आघाडीने मागणी केली की भारतीय सेनेने युद्धबंदी करावी आणि एलटीटीईशी बोलावं. १९ मार्च १९८८ ला ती देवळाजवळ उपोषणाला बसली. गांधींच्या देशाच्या सैन्यापुढे गांधींचंच हत्यार. एकतीस दिवसांनी, १९ एप्रिलला, ती गेली. पुढे एलटीटीईने तिचे फलक लावले, तिची जयंती-पुण्यतिथी केली, तिला आपल्या झेंड्याखाली ओढून घेतलं. बाई मेल्यावर सगळ्यांची होते. तिची मागणी बोलणी करा एवढीच होती आणि ती पुढे ना आपल्या सरकारने मनावर घेतली, ना वाघांनी.

दक्षिणेकडच्या सिंहली आयांचं काय झालं तेही ऐका, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. भारतीय फौज आली याच रागावर तिकडे जेव्हीपी या संघटनेचं बंड पेटलं, सरकारने ते चिरडलं आणि त्यात हजारो तरुण बेपत्ता झाले. १९९० मध्ये मातारा भागातल्या आयांनी आपली आघाडी काढली. कोर्टात दाद लागेना, तेव्हा त्या देवीच्या देवळात गेल्या, नारळ फोडले आणि राज्यकर्त्यांना सराप दिला. १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांच्या वाढदिवशीच त्यांनी हे केलं. मला हे वाचून हसू आलं आणि मग अंगावर काटा आला. म्हणजे उत्तरेच्या तमिळ बाईला वाचवायला गेलेल्या फौजेमुळे दक्षिणेच्या सिंहली बाईचंही पोरगं गेलं. दिल्लीत नकाशा पसरून बसलेल्यांच्या हिशेबात हे कुठे होतं?

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. २१ मे १९९१, श्रीपेरुंबुदूर, अंगावर स्फोटकं बांधलेली एक तरुणी. तिच्यावर शांतिसेनेच्या जवानांनी बलात्कार केला होता, त्याचा तिने सूड घेतला, अशी गोष्ट तेव्हा पसरली. ती कधी सिद्ध झाली नाही. पण लोकांना ती पटली, कारण बाईने काही केलं तर ते अब्रूपायीच असणार, तिला स्वतःचं राजकारण नसतं, असं आपण धरून चालतो.

आता थोडं आपल्या मातीत येऊ. मदतीला आलेली फौज काय करते ते वऱ्हाडाइतकं कोणाला माहीत असावं! निजामाच्या संरक्षणासाठी म्हणून इंग्रजांनी 'हैदराबाद कंटिंजन्ट' नावाची फौज ठेवली. तिची एक छावणी एलिचपूरला होती, आजचा परतवाडा तिथेच वाढला. फौज इंग्रजांच्या हुकमात, पगार निजामाच्या खजिन्यातून. पगार थकला, कर्ज चढलं आणि १८५३ च्या तहात त्या फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिलं. आपला कापूस, आपला सारा, आपली गावं, एका 'मदतीच्या' पलटणीपायी गहाण. १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमचा पट्टाच झाला. वऱ्हाडातल्या कुणब्याला, माळ्याला, कोळ्याला कोणी विचारलं होतं? मग जाफन्याच्या माणसाला 'तुमच्या भल्यासाठी आलोय' हे ऐकून शंका आली तर त्यात नवल काय?

इथे एक ताई हात वर करून आहेत, त्यांचा प्रश्न मला कळला. मग १९७१ ला सुद्धा जायला नको होतं का? नाही, मी तसं म्हणत नाही. पूर्व पाकिस्तानातून एक कोटी माणसं आपल्याकडे आली होती, तिथे बायांवर जे झालं त्याला सीमा नव्हती. डिसेंबरात लढाई झाली, १६ तारखेला संपली आणि मार्च १९७२ मध्ये आपली फौज परतसुद्धा आली. तीन महिने. तिकडे श्रीलंकेत बत्तीस. हा फरक मोठा आहे आणि तो मी मान्य करते. पण तिथेसुद्धा बायांचं काय झालं ते पाहा. शेख मुजीबांनी अत्याचारित बायांना 'वीरांगना' ही पदवी दिली. हेतू चांगला होता. घरच्यांनी मात्र कित्येकींना दारात उभं केलं नाही आणि तो मानाचा शब्दच त्यांना लपवावा लागला. म्हणजे ज्या लढाईला न्याय्य म्हणता येईल तिच्यातही बाईचा हिशेब उरतोच. म्हणून 'फौज पाठवा' आणि 'पाठवू नका' या दोनच घोषणांत मला अडकायचं नाही.

आपल्याकडच्या बाईचंही तेच. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेला एक भत्ता मिळतो. तिने दुसरं लग्न केलं तर तो बंद व्हायचा, दिराशी केलं तर मात्र चालू राहायचा. ही अट सरकारने २०१७ साली काढली. दोन हजार सतरा! म्हणजे श्रीलंकेत पदक कमावून गेलेल्याच्या बायकोलाही ती सत्तावीस-तीस वर्षं लागू होती. देशासाठी नवरा दिला तरी बाई सासरच्या मालकीची, हे सरकारी कागदावर लिहिलेलं होतं. जवानाच्या विधवेची कागदपत्रं करताना आजही सासू-सुनेत पेन्शनवरून जे होतं ते मी पाहते. दोघी रडतात आणि दोघींना वकील मात्र पुरुषच भेटतो.

विधवेने काय बोलायचं हेही लोकच ठरवतात. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला नवरा मारला गेलेल्या नौदल अधिकाऱ्याच्या तरुण पत्नीने आठ-दहा दिवसांत म्हटलं, न्याय हवा, पण मुसलमानांवर आणि काश्मिरींवर राग काढू नका. जिच्या दुःखाचा फोटो घरोघर फिरला होता तिलाच लोकांनी नाही नाही ते बोललं. पुढच्या आठवड्यात कारवाई झाली, तिचं नाव कुंकवावरून ठेवलं. कुंकू चालतं, कुंकू गेलेल्या बाईचं मत चालत नाही.

आणि ही गरमागरमी सीमेवरच राहत नाही. मे २०२३ मध्ये मोबाईलवरच्या एका पोस्टवरून आपल्या याच जुन्या शहरात काय पेटलं ते इथे बसलेल्या प्रत्येकीने पाहिलं आहे. एक माणूस गेला, जमावबंदी लागली. रोजच्या कमाईवाल्या बायांच्या चुली त्या दिवसांत कशा पेटल्या ते त्यांनाच विचारा. बाहेरच्या देशाचा राग काढायला माणसाला शेजारचंच दार सापडतं.

आपल्या राज्यात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर बायांचं मतदान होतं. निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. हा हक्क आपण भांडून मिळवला. पण पन्नास-साठ हजार पोरं समुद्रापार पाठवायची तर बायांना सोडा, संसदेलाही आधी विचारायची सक्ती आपल्या घटनेत नाही. १९८७ ला करार आधी झाला, जवान उतरले आणि मग सभागृहात चर्चा. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००० साली १३२५ क्रमांकाचा ठराव केला, की युद्ध आणि शांततेच्या निर्णयांत बायांना जागा हवी. ठरावाला पंचवीस वर्षं झाली. आपल्या पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या, मग फौज पाठवायच्या निर्णयात किती?

म्हणून मी खासदारांना द्यायच्या पत्राचा एक मसुदा आणला आहे. त्यात तीन मागण्या आहेत. फौज बाहेर पाठवण्याआधी संसदेत चर्चा आणि मतदान व्हावं, आणि ती कशासाठी जाते, कधी परतणार, हे तिथेच सांगावं. ज्या देशात ती जाते तिथल्या बाईला तक्रार करायची झाली तर ती लष्कराबाहेरच्या, आणि बाया असलेल्या, समितीपुढे करता यावी, कारण छावणीतल्या अत्याचाराची तक्रार छावणीच्याच दारात कोण देणार? आणि जवान गेला तर त्याच्या विधवेचा आणि आईचा हिस्सा वेगवेगळा, पहिल्याच कागदावर लिहिलेला असावा.

मसुदा वाचण्याआधी एक विनंती. मागच्या रांगेत माजी सैनिकांच्या घरच्या दोघी जणी बसल्या आहेत. मी जे बोलले त्यातलं काही त्यांना टोचलं असेल, मघापासून त्यांचे चेहरे मी पाहते आहे. दुसऱ्या मागणीवर त्यांचं म्हणणं वेगळं असू शकतं. माईक आधी त्यांच्याकडे द्या, पत्राचं नंतर पाहू.